रेटा आणि भरड

"कंडेन्सर गेलाय," मामा म्हणाले.

फोंड्याला त्यांच्या घराच्या माडीवर मी गिटार घेऊन बसलो होतो. पायाशी ॲल्युमिनियमचा उघडा डबा, त्यातून लोंबणाऱ्या वायरी, शेजारी सहा इंची स्पीकरचा एक किरकोळ ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर. मी एकच तार छेडली होती. आवाज निघाला तो गिटारचा कमी आणि फरशीवरून ओढलेल्या लोखंडी खुर्चीचा जास्त. मामा जिन्यात थांबले, कान दिला आणि निदान करून मोकळे झाले.

"गेला नाही, मामा. असाच हवाय."

"असाच?"

"मुद्दाम केलाय."

"मुद्दाम," ते स्वतःशीच म्हणाले आणि परत खाली उतरले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला, "काय म्हणतो तो?" त्यावर मामांचं उत्तर, "बिघडवतोय. आणि जमतंय त्याला."

मामांचं फोंड्यात रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. आधी व्हॉल्व्हचे मर्फी आणि फिलिप्स, मग ट्रान्झिस्टर, मग टेपरेकॉर्डर, शेवटी टीव्हीचे रिमोट. रिमोट आले तेव्हाच आपला धंदा संपला, असं ते म्हणतात, कारण रिमोटला आवाज नसतो. त्यांचं सगळं काम कानावर चालायचं. गिऱ्हाईक काउंटरवर रेडिओ ठेवून तक्रार सांगेपर्यंत मामांनी मनात पाठीमागचा पत्रा उघडलेला असायचा. घों घों म्हणजे फिल्टरचा कंडेन्सर. फाटका आवाज म्हणजे आउटपुटचा ट्रान्झिस्टर किंवा स्पीकरचा कागद. खरखर म्हणजे व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये धूळ. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या घरातली खरखर काढली. आणि भाचा त्यांच्याच माडीवर, त्यांच्याच सोल्डरिंग गनने ती परत घालत बसला होता. (मामी सावंतवाडीची. त्यामुळे त्या घरात मराठीच चालते आणि मामाही कोकणी फक्त गिऱ्हाइकांशी आणि मासळीवालीशी बोलतात. इथले संवाद म्हणूनच जसेच्या तसे आहेत.)

मी पणजीला नोकरी करतो. कॉलेजात असताना आमचा एक बँड होता. लग्नं, फेस्त, एकदोन शॅक. बँड मोडला, गिटार राहिली, आणि चाळिशीत काहींना ट्रेकिंगचं वेड लागतं तसं मला पेडल बनवण्याचं लागलं. पेडल म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मध्ये जमिनीवर ठेवायचा डबा. पायाने बटण दाबलं की आवाज बदलतो. बदल शंभर प्रकारचे असतात, पण मला दोनच हवे होते आणि दोन्ही एकाच डब्यात. एक ओव्हरड्राइव्ह, एक फझ.

दोन्हींचं मूळ एकच आहे. पायली शिगोशीग भरावी आणि वरून पट्टी फिरवावी, तसं तारेच्या लहरीचं शिखर कापायचं. कापलेल्या लहरीत मूळ सुराच्या पटीतले नवे सूर उगवतात आणि आवाज भरतो, चावरा होतो. फरक आहे तो पट्टी कशी फिरवता यात. ओव्हरड्राइव्हमध्ये पट्टी हलक्या हाताची, कडा गोलसर ठेवणारी. फझमध्ये पट्टी नाहीच, कोयता आहे.

कापण्याचा हा शोध कुणी ठरवून लावलेला नाही, ही गोष्ट मला फार आवडते. आधी लोकांनी ॲम्पचे स्पीकर फाडले. लिंक रे या अमेरिकन गिटारवाल्याने १९५८ साली आपल्या ॲम्पच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. इंग्लंडमध्ये डेव्ह डेव्हिस या पोराने ब्लेडने कागद चिरला. आणि १९६० च्या सुमारास नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत असताना मिक्सरच्या एका चॅनलने दगा दिला. वाद्याचा आवाज भसाभसा फुटला. टेक तसाच राहिला, गाणं गाजलं, आणि दुसरे वादक त्या आवाजासाठी स्टुडिओत येऊ लागले. तोवर बिघडलेला भाग पार निकामी झाला होता. मग ग्लेन स्नॉडी या इंजिनियरने तोच बिघाड ट्रान्झिस्टर वापरून पुन्हा उभा केला. त्यातून १९६२ मध्ये माएस्ट्रो फझ-टोन नावाचा डबा बाजारात आला. गंमत म्हणजे तो विकला गेला पितळी वाद्यांची नक्कल म्हणून. या डब्याने गिटार ट्रम्पेटसारखी वाजेल, चेलोसारखी वाजेल. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्‌सने तो वापरला तोही ब्रासची जागा राखून ठेवण्यासाठी. खरी वाद्यं नंतर भरायची होती, ती कधी भरलीच नाहीत.

हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं. "दुरुस्त का नाही केला मिक्सर?"

ओव्हरड्राइव्हची बाजू सोपी होती, म्हणून ती आधी केली. आधार घेतला ट्यूब स्क्रीमरचा. आयबानेझने १९७९ च्या सुमारास आणलेला तो हिरवा डबा. त्याच्या सर्किटची जगभर इतकी चिरफाड झाली आहे की नवशिक्यालाही कुठे हात घालायचा ते कळतं. मधे एक ऑप-ॲम्प, म्हणजे लहर मोठी करणारी चिप, ४५५८ नावाचं आठ पायांचं झुरळ. त्याच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे बाहेर पडलेली लहर परत आत नेणाऱ्या वाटेत, उलटसुलट जोडलेले दोन सिलिकॉन डायोड. लहर ०.६ व्होल्टच्या पुढे गेली की डायोड दार उघडतात आणि वाढ थांबते. पण डायोड फीडबॅकमध्ये असल्यामुळे मूळ लहर मरत नाही, कापलेल्या लहरीच्या खाली ती तशीच चालत राहते. म्हणून हा आवाज फुटका असूनही त्यातले शब्द कळतात, असं मला वाटतं. कमीत कमी सुमारे १२ पट आणि नॉब पूर्ण फिरवला तर सुमारे ११८ पट वाढ.

यात मी दोन बदल केले. पहिला खर्जाचा. मूळ सर्किटमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मिळून साधारण ७२० हर्ट्‌झच्या खालच्या सुरांना कमी रेटा देतात. गर्दीच्या बँडमध्ये ते शहाणपणाचं आहे, बासवाल्याशी भांडण होत नाही. पण मी माडीवर एकटा वाजवतो, माझं कुणाशी भांडण? कंडेन्सर ०.१ चा टाकला, सीमा ३४० च्या आसपास उतरली, आवाजाला पोट सुटलं. दुसरा बदल डायोडचा. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन, म्हणजे वरचं शिखर आणि खालची दरी वेगवेगळ्या उंचीवर कापली जातात. शिवाय एक छोटा टॉगल, त्याने डायोडच्या जागी लाल एलईडी येतात. एलईडी बऱ्याच उशिरा उघडतात, त्यामुळे आवाज मोठा आणि मोकळा.

जर्मेनियमचे डायोडही लावून पाहिले. त्यांच्याविषयी इंटरनेटवर जे काव्य लिहिलं जातं त्यातलं मला काहीही ऐकू आलं नाही. ते ०.३ व्होल्टलाच उघडतात, म्हणून आवाज लहान आणि मेणचट. काढून टाकले. ४५५८ च्या जागी टीएल ०७२ हा दुसरा ऑप-ॲम्प लावूनही पाहिला. फरक ओळखायला मामीला बसवलं, कारण मी स्वतः काय लावलंय ते मला माहीत असताना माझ्या कानावर माझा विश्वास नाही. मामी खाली सोलकढीला नारळ वाटत होती. मी वरून ओरडायचो, "हा एक!" "हा दोन!" मधे मी चुकून पेडल बंदच करून वाजवलं. मामी म्हणाली, "हा चांगला. हाच ठेव."

फझसाठी मात्र मामांशिवाय इलाज नव्हता.

मला करायचा होता फझ फेस. आर्बिटर या लंडनच्या कंपनीने १९६६ मध्ये काढलेला वाटोळा डबा, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या पायाखालचा. आत दोनच ट्रान्झिस्टर आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सुटे भाग. कागदावर पाचवीतल्या मुलाला जमावं असं सर्किट. अडचण एवढीच की सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते आणि जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आता कुणी मुद्दाम बनवत नाही. जुन्या साठ्यातले मिळतात, महाग मिळतात, आणि खोटेही मिळतात. मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात एकदा कोकण रेल्वेने खास त्यासाठी गेलो होतो. दुकानदाराने विचारलं, "म्युझियम टाकताय का?"

मामांनी पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. आत औषधाच्या पुड्यांसारख्या कागदी पुड्या, प्रत्येकीवर निळ्या पेन्सिलीने नंबर. एसी १२८. एसी १२७. ओसी ७१. एएफ ११७. मी इतका वेळ नुसता बघत राहिलो की ते म्हणाले, "सोनं नाही ते, उचल."

ओसी ७१ काचेचा असतो, वरून काळा रंग दिलेला. मामांनी नखाने दाखवलं, रंग खरवडला की तो उजेडाला जागा होतो; उजेड पडला की प्रवाह वाढतो. रंग दिलाय तो एवढ्यासाठीच. तरुणपणी त्यांनी असा एक खरवडून दुकानाच्या दारात लावला होता, गिऱ्हाईक आलं की घंटा वाजावी म्हणून. ढग आले तरी वाजायची. एएफ ११७ ची कहाणी आणखी विचित्र. त्याच्या पत्र्याच्या टोपीत आतून कथलाचे केसांहून बारीक तंतू उगवतात आणि वर्षानुवर्षांनी आतल्या पायांना टेकून शॉर्ट करतात. रेडिओ एकाएकी मुका होतो. मामा टोपीला टिचकी मारायचे, तंतू तुटला की रेडिओ बोलू लागायचा. "गिऱ्हाइकाला वाटायचं मंत्र घातला. टिचकीचे पैसे कसे घेणार? मग उगीच एक स्क्रू काढून घट्ट करायचो."

आम्ही एसी १२८ ची पुडी उघडली. तेवीस निघाले. प्रत्येकाची गळती मोजायची. बेस नावाचा पाय मोकळा ठेवला तर ट्रान्झिस्टरमधून काहीच जायला नको, जर्मेनियममधून जातं. ते थोडं असलं तर चालतं, फार असलं तर मीटर फसतो, गळतीलाच तो गुण, म्हणजे ट्रान्झिस्टर प्रवाह किती पट वाढवतो तो आकडा, समजतो. म्हणून आधी गळती मोजायची, मग एकूण मोजायचं, मग वजाबाकी. मामा पाय मुडपून बसले, मी वहीत आकडे घातले. पहिल्या जागी ७० ते ८० गुणाचा आणि दुसऱ्या जागी १२० च्या आसपासचा हवा होता. सात तर सरळ गळके निघाले. ते मामांनी टाकले नाहीत, वेगळ्या पुडीत बांधून वर "फुटके" असं लिहिलं.

एक जोडी मिळाली. ७८ आणि ११७. ती ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता जोडून बघायच्या पाटीवर, लावून मीटर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायावर धरला. ९ व्होल्टच्या बॅटरीवर तिथे साधारण निम्मे, ४.५ हवेत, म्हणजे लहरीला दोन्ही बाजूंना जागा मिळते. ट्रिमर, म्हणजे आत बसवायचा चिमुकला नॉब, फिरवून ४.५ आणले. खूश होऊन मी ट्रान्झिस्टर नीट बसलाय का म्हणून बोटाने दाबला आणि मीटरवरचा आकडा चालू लागला. बोट काढलं, तो हळूहळू परत फिरला. पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा चालला.

"ताप आलाय त्याला," मामा म्हणाले. "तुझ्या हाताचा."

जर्मेनियमची गळती साधारण दर दहा अंशांना दुप्पट होते, हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि आपल्या बोटाच्या उबेने एका साठ वर्षं जुन्या डबीचं मन बदलताना पाहणं वेगळं. मी पाच मिनिटं तेवढंच करत बसलो. इंग्लंडच्या थंडीत जन्मलेलं हे सर्किट, ते गोव्यात कौलाखालच्या माडीवर मे महिन्यात वाजवायचं. मामांनी सांगितलं, उन्हाळ्यात दुपारी लोक ट्रान्झिस्टर घेऊन यायचे, आवाज फाटतो म्हणून. "मी म्हणायचो, ठेवून जा, संध्याकाळी या. संध्याकाळी आपोआप बरा झालेला असायचा." मग मी ट्रिमर डब्याच्या आत पुरण्याऐवजी बाहेर नॉब म्हणून काढायचं ठरवलं. मूळ फझ फेसला दोनच नॉब. माझ्याला तीन. तिसरा हवामानाचा.

आता माझी चूक सांगतो, कारण ती फार जणांनी केली आहे आणि पुढेही करतील. एसी १२८ हा पीएनपी जातीचा. त्याच्या सर्किटमध्ये अर्थला बॅटरीचा पॉझिटिव्ह जातो. ओव्हरड्राइव्हमध्ये अर्थला निगेटिव्ह. वेगवेगळे डबे आणि वेगवेगळ्या बॅटऱ्या असत्या तर काही बिघडत नव्हतं. मी दोन्ही एका धातूच्या डब्यात बसवले, दोन्हींचे जॅक डब्याला टेकले आणि एकच ॲडॅप्टर दिला. म्हणजे डब्याच्या पत्र्यावर पॉझिटिव्हही आणि निगेटिव्हही. ॲडॅप्टरने एक बारीक टक् असा आवाज केला आणि जीव सोडला. वास मात्र मागे ठेवून गेला. मामा खालूनच ओरडले, "आता मुद्दाम का?"

वर आल्यावर त्यांनी माझी आकृती पाहिली आणि चष्मा कपाळावर नेला. "आमच्या वेळी पॉकेट रेडिओत पॉझिटिव्हच अर्थ असायचा. नवीन पोरगं दुकानात आलं की पहिला रेडिओ त्याच्यावरच जाळायचं." हे त्यांनी आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं.

उपाय म्हणून ७६६०एस नावाची आयसी लावली. ती ९ व्होल्टपासून उलटे ९ व्होल्ट तयार करते. एक कंडेन्सर भरते, उलटा करून दुसऱ्यात ओतते, भरते, ओतते, सेकंदाला दहा हजार वेळा. सगळं जोडलं, वाजवलं. फझ आला, दणदणीत आला. पण त्याच्या मागे डास कानाशी यावा तशी एक बारीक चिंईं. गिटारचा आवाज शून्यावर आणला तरी चिंईं तशीच.

"ही शिट्टी कुठून येते?" मी विचारलं.

मामा ॲम्पजवळ आले. वाकले. कान स्पीकरच्या जाळीला लावला. बराच वेळ तसेच राहिले.

"काही नाही," ते म्हणाले.

मी काही बोललो नाही. मामांची नात तिथेच खेळत होती, नऊ वर्षांची. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले होते. मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्हाला येतेय ना? मग आहे." त्यांनी आयसीची माहितीपत्रिका मागितली, भिंग घेऊन वाचली. "पहिला पाय आणि आठवा पाय जोडून बघ. वेग वाढतो म्हणतात." मी एक वायर टाकली. भरणं-ओतणं माणसाच्या कानाच्या पलीकडे गेलं, शिट्टी बंद. नातीने हात काढले. मामांनी विचारलं, "गेली?" मी हो म्हणालो. ते ज्या तऱ्हेने "बरं" म्हणाले त्यावर मी नंतर बराच विचार केला. दहा हजार हर्ट्‌झ त्या वयात ऐकू न येणं यात विशेष काही नाही. पण आवाज आहे की नाही हे दुसऱ्याला विचारण्याची ही त्यांची बहुधा पहिलीच वेळ असावी.

डब्याला भोकं पाडणं, स्विच बसवणं यात दोन शनिवार गेले. नऊ पायांचे ते निळे फूटस्विच कुणी शोधले त्याला माझा नमस्कार आणि थोडे शाप; सोल्डर करताना जरा जास्त वेळ टेकलं की आतलं प्लास्टिक वितळतं आणि स्विच कायमचा अर्धवट दाबलेला राहतो. फझ आधी आणि ओव्हरड्राइव्ह नंतर असा क्रम ठेवला. फझ फेसला गिटार सरळ लागते. मध्ये दुसरं काही आलं की तो रुसतो, आणि गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केल्यावर जो स्वच्छ होत जातो तो गुणच हरवतो.

मग नावं. बाजारातल्या डब्यांवर इंग्रजी शब्द असतात, मला मराठी हवे होते. ओव्हरड्राइव्हला "रेटा" लगेच सुचलं. फझवर अडलो. "फेस" नको, "धुरळा" नको, "कल्लोळ" तर एखाद्या काव्यसंग्रहाचं नाव वाटलं. मामी जात्यावरच्या पिठाचं काहीतरी बोलत होती, त्यात शब्द आला. भरड. जाडंभरडं दळलेलं. बोटात धरलं की कण लागतो तसाच हा आवाज कानाला लागतो. पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलं. मामीने अक्षर पाहून सांगितलं, "पिठाच्या गिरणीसारखं दिसतंय."

तयार झाल्यावर मामांना वर बोलावलं आणि माझा मुद्दा मांडला. मुद्दा मी पणजीहून येताना कदंबाच्या बसमध्ये तयार केला होता आणि मला तो फार ग्रेट वाटत होता. मामा भजनात पेटी वाजवतात, तंबोरा स्वतः लावतात. मी म्हटलं, तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून तुम्ही जवारी खोलता, ती काय असते? तार घोडीला घासते आणि झणझणते. तोही बिघाडच. मुद्दाम केलेला. माझा डबा म्हणजे विजेची जवारी.

मामांनी शांतपणे ऐकलं. "दोन तारा एकदम वाजव," म्हणाले.

मी तिसरी आणि दुसरी तार मोकळी छेडली. भरड चालू. जी आणि बी, म्हणजे पांढरी पाचचा षड्‌ज धरला तर सा आणि गंधार. आवाज गढूळ आला, वर डुगडुगणारा.

"तंबोऱ्यात चार तारा वाजतात, कधी असा चिखल होतो का? जवारी प्रत्येक तारेला तिच्याच पोटातलं बोलायला लावते. हा तुझा डबा दोन तारांचं भांडण लावतो आणि वर स्वतःही त्यात बोलतो."

तांत्रिक भाषेत हे बिनचूक होतं. जवारीत प्रत्येक तार आपापली घासते. फझमध्ये दोन्ही एकाच दारातून एकदम जायला बघतात, आणि त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून असे सूर निघतात जे कुणीच वाजवलेले नसतात. म्हणूनच रॉकवाले फझवर सा आणि पंचमच वाजवतात, गंधाराच्या वाटेला सहसा जात नाहीत. हे मला माहीत होतं. बसमध्ये विसरलो होतो.

"आणि तुझा गंधार चढा आहे," मामा पुढे म्हणाले. "पेटीचाही असतो. भजनात चालवून घेतो. पण हा तुझा डबा चालवून घेत नाही. उतरव."

मी बीची खुंटी किंचित सैल केली. पट्टीच्या हिशेबाने गिटारचा हा गंधार, सप्तकाचे १२०० भाग केले तर जवळपास १४ भागांनी खरोखरच चढा असतो. सेकंदाला सातआठ ठोक्यांची डुगडुग. खुंटी फिरली तशी ती मंदावली. मामांनी डोळे मिटले होते आणि हाताने खूण करत होते: आणखी, आणखी, थांब, परत ये. मला ठोके ऐकू येईनासे झाले तरी त्यांचा हात हलतच होता. "अजून हलतोय." केसभर फिरवलं. "आता."

आवाज एका जागी उभा राहिला. चिखल गेला, आणि खाली कुठेतरी तिसरा सूर आला, मी न वाजवलेला, दोन सप्तकं खालचा सा. १९६ आणि २४५ ची वजाबाकी ४९. सहा इंची स्पीकरला ४९ हर्ट्‌झ धड झेपत नाहीत, बाकीच्या सुरांवरून कानच तो भरून काढतो. पण तो होता. मी तारा पुन्हा पुन्हा छेडत राहिलो. मामा भिंतीला टेकून बसले. बाहेर पोदेराचा, पाववाल्याचा, भोंगा वाजून गेला, कुणी उठलं नाही.

मग हात थांबवून मी तारांवर तळवा ठेवला. ॲम्प आपला घुमत राहिला, सिंगल कॉइल पिकअप (तारांखालचं एका वेटोळ्याचं चुंबक) आणि फझ एकत्र आले की घुमतोच.

"ऐक," मामा म्हणाले. "लाईटची पट्टी. पांढरी पाच. जरा चढी."

मी मोबाईलवर हिशेब केला. वीज ५० हर्ट्‌झ. पांढरी पाचचा खर्ज ४९. दुकानात बसून आयुष्यभर प्रत्येक रेडिओच्या पोटातला तो घुमारा त्यांनी ऐकला होता, फिल्टर कंडेन्सर बदलून बदलून घालवला होता, आणि घालवता घालवता त्याची पट्टीही मनात नोंदवून ठेवली होती.

"वीज खात्याचाही गंधार लावून द्यायला हवा," मी म्हटलं. ते हसले नाहीत. ते डबा न्याहाळत होते.

तिसऱ्या नॉबकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हा तो हवेचा?" मी हो म्हटलं. त्यांनी खिशातली निळी पेन्सिल काढली. त्या दिवशी जिथे काटा बरोबर होता तिथे डब्यावर एक बारीक रेघ मारली आणि लिहिलं, नाताळ. डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. मग मे महिन्यात मी पुन्हा गेलो, घामाने निथळत वाजवलं, आवाज मध्येच गचके खाऊ लागला, नॉब फिरवून जागेवर आणला, तिथे दुसरी रेघ. मे. गणेशचवथीला सगळं घर माणसांनी भरलेलं, खाली माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळांच्या मांडवाखाली, घुमटांवर आरत्या चाललेल्या, तेवढ्यात दोन मिनिटं वर येऊन त्यांनी तिसरीही रेघ मारून घेतली.

"पावसाची राहिली," मी म्हणालो. "जुलैत येतो."

"पावसात कशाला?" मामा पेन्सिल खिशाला लावत म्हणाले. "लाईट असते का तेव्हा?"